मुलगा ९ वर्षांचा, वर्गात सगळ्यात बुटका, डॉक्टर ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं म्हणतायत. माझी उंची १६८ सेमी, बायकोची १५२. द्यावीत का, साइड इफेक्ट काय असतात?

माझी मुलगी साडेचार वर्षं घेतेय म्हणून लिहिते. डॉक्टर नाही मी, आई आहे.

आधी त्याची मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं काढा, त्यात उंची लिहिलेली असते. नुसता बुटका आहे यावरून काही कळत नाही, वर्षाला किती वाढतोय ते बघायचं. तुम्ही १६८ आणि मिसेस १५२ लिहिलंय, म्हणजे बेरजेत १३ मिळवून निम्मे केले की १६६-६७ येतात, मुलाचा साधारण अंदाज तो. पण या वयात वर्षाला ४-५ सेमीपेक्षा कमी वाढत असेल तर तपासायलाच हवं. आमची पावणेआठ वर्षांची असताना १०८ होती आणि अख्ख्या वर्षात साडेतीन वाढलेली. आत्या म्हणायच्या आपल्याकडे सगळे उशिराच वाढतात, पहिल्या डॉक्टरांनी प्रोटीन पावडर दिली, त्यात आमचं एक वर्ष गेलं. त्याचा राग अजून आहे मला.

लगेच इंजेक्शन कोणी देत नाही, देत असतील तर दुसरीकडे दाखवा. थायरॉइड, सिलिअ‍ॅक (गव्हाने आतड्याला त्रास होतो तो आजार) वगैरे रक्ताच्या टेस्ट, डाव्या हाताचा एक्स-रे (हाडांचं वय कळतं, हिचं साडेपाच निघालं!), मुलींमध्ये टर्नरसाठी (जन्मजात दोष, त्यात उंची कमी राहते) क्रोमोसोमची टेस्ट. मग स्टिम्युलेशन टेस्ट (शरीर स्वतः किती ग्रोथ हॉर्मोन बनवतं ते बघायची), उपाशीपोटी नेतात, गोळी देऊन दर अर्ध्या तासाने रक्त घेतात, त्या गोळीने आमची तिथेच गाढ झोपली. मग मेंदूचा एमआरआय. हे सगळं लहान मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडेच (हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे) करा.

सुईची भीती पहिले पंधरा दिवस. पेन असतं, सुई नखाएवढी, रोज रात्री झोपताना, मांडी-पोट जागा बदलत. खरी कटकट फ्रीजची. २ ते ८ डिग्री लागतं आणि गोठलं की फेकायचं, मी एकदा पेन मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि सकाळी बर्फ, महिन्याचं औषध गेलं. गणपतीला कोकणात जाताना थर्मासमध्ये आइसपॅक, मध्ये टॉवेल, आणि तिथे लाइट गेली की आधी पेनाची आठवण.

खर्च जड आहे हो. आम्हाला सुरुवातीला महिन्याला दहा-बारा हजार, वजनावर डोस असल्यामुळे वाढत जातो, आणि मध्येच सोडून उपयोग नाही, म्हणून आधी हिशोब करा.

साइड इफेक्ट विचारलेत. हिला काहीच झालं नाही, पण सारखं डोकं दुखलं, दिसायला धूसर झालं, किंवा लंगडायला लागला, गुडघा किंवा खुबा (मांडी कमरेला जोडते तो सांधा) दुखतोय म्हणाला तर त्याच दिवशी कळवायचं. शुगर, थायरॉइड, आयजीएफ-१ (डोस बरोबर आहे का ते कळणारी रक्ताची टेस्ट) ठरावीक महिन्यांनी बघतात.

पहिल्या वर्षी ९ सेमी वाढली, नंतर सहा-सात. आता १४० आहे. हाडांची टोकं एकदा जुळली की काही उपयोग नाही, त्यामुळे ९ वर्षं म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, पण 'बघू पुढच्या वर्षी' म्हणण्याइतका नाही. एक्स-रे या महिन्यातच काढा आणि रिपोर्ट आला की इथे लिहा.