डोमेनशिवाय सर्व्हर चालवताना

म्हापशातल्या आठ-दहा संगणकांच्या पेढीसाठी डोमेन, म्हणजे सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळणारी विंडोजची व्यवस्था, उभारायची घाई करू नकोस. वर्कग्रुपवर, म्हणजे यंत्रं बरोबरीनं जोडलेल्या साध्या नेटवर्कवर, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस व्यवस्थित चालतात. फक्त एक लक्षात घे: इथे प्रत्येक यंत्र आपल्यापुरतीच खाती ओळखतं. म्हणून क्लायंटवरचं (कर्मचारी वापरतात त्या संगणकावरचं) युजरनेम आणि पासवर्ड सर्व्हरवरही अगदी तसेच तयार कर. एकीकडे पासवर्ड बदलला की दुसरीकडेही लगेच बदल, नाहीतर शेअर केलेलं फोल्डर उघडणार नाही. त्या वेळी वैतागून 'एव्हरीवन'ला, म्हणजे सरसकट सगळ्यांना, पूर्ण अधिकार देऊ नकोस, हे कळकळीनं सांगतो. एका क्लायंटवर रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर सगळा हिशेब जाईल.

डेटाबेसला मिक्स्ड मोड (विंडोजची आणि डेटाबेसची स्वतःची, दोन्ही लॉगिन चालतील असा) ठेव आणि ॲप्लिकेशनसाठी वेगळं लॉगिन काढ, 'एसए' हे डेटाबेसचं सर्वाधिकारी लॉगिन कधीच नको. सर्व्हरला स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा नेटवर्क पत्ता, हवाच. फायरवॉल बंद करू नकोस. एसक्यूएल सर्व्हरचा टीसीपी १४३३ पोर्ट तेवढा आतल्या नेटवर्कपुरता उघड. विंडोज ११वर फाइल शेअरिंग करणार असशील तर २० जोडण्यांची मर्यादा आहे.

जून लागायच्या आत यूपीएसची बॅटरी तपास, आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. आणि बॅकअप नुसता घेऊ नकोस, दुसऱ्या यंत्रावर रिस्टोअर करून बघ.