सेन्सरचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलच्या कोणत्या फोल्डरमध्ये ठेवावा?

तुम्ही विचारलंय की सोयाबीनच्या गोदामातली आर्द्रता मोजणारा सेन्सर आय-टू-सीवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर (बसवर), जोडलाय, बोर्डही तुमचाच आहे. तर ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) तो सेन्सर वाचता यावा यासाठीचा कोड, ‘ड्रायव्हर्स/आय-टू-सी’त ठेवू, ‘आर्च/आर्म’मध्ये, की ‘ड्रायव्हर्स/मिस्क’मध्ये?

तिन्ही ठिकाणी नको. त्याची जागा ‘ड्रायव्हर्स/आयआयओ/ह्युमिडिटी’. आयआयओ म्हणजे ‘इंडस्ट्रियल आय/ओ’, मोजमाप करणाऱ्या सेन्सरांची उपप्रणाली.

लातूरच्या मोंढ्यात तूर औशाहून आली की निलंग्याहून, ट्रॅक्टरने आली की टेम्पोने, भाव तुरीचाच लागतो. आय-टू-सी ही तुमच्या सेन्सरची फक्त वाहतूक आहे. ‘ड्रायव्हर्स/आय-टू-सी’त त्या बसचा गाभा आणि बस चालवणाऱ्या कंट्रोलरचे ड्रायव्हर असतात, बसवर लटकलेली उपकरणं नसतात. यूएसबीचा वाय-फाय डोंगलसुद्धा म्हणूनच ‘ड्रायव्हर्स/नेट/वायरलेस’मध्ये सापडतो.

‘आर्च’चा, म्हणजे प्रोसेसरनिहाय कोडच्या फोल्डरचा, मोह मात्र मला चांगला ठाऊक आहे. वाळूजच्या एका कंपनीत असताना आम्ही सेन्सरचा सगळा कोड बोर्डाच्या फाइलमध्येच कोंबला होता. पुढे प्रोसेसर बदलला आणि तोच कोड उकरून काढण्यात माझे तीन आठवडे गेले. मुख्य कर्नलनेही हे दुखणं मोठ्या प्रमाणावर भोगलंय. ‘आर्च/आर्म’मध्ये प्रत्येक बोर्डाची वेगळी फाइल साचत गेली आणि 2011 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर बोर्डाचं वर्णन डिव्हाइस ट्रीत, म्हणजे हार्डवेअरची माहिती देणाऱ्या वेगळ्या फाइलीत गेलं, आणि क्लॉक, पिन, इंटरप्ट यांचा कोड ‘ड्रायव्हर्स’खालच्या आपापल्या फोल्डरांत हलला. तेव्हा सेन्सर कोणत्या पत्त्यावर आहे, हे डिव्हाइस ट्रीत लिहा. ड्रायव्हरला तुमच्या बोर्डाचं नावही कळता कामा नये.

आयआयओ की ‘एचडब्ल्यूमॉन’ (हार्डवेअर मॉनिटरिंग), ही शंका पुढे येईलच. यंत्र स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवतं, म्हणजे पंखा, व्होल्टेज, प्रोसेसरचं तापमान, ते एचडब्ल्यूमॉनमध्ये. बाहेरच्या जगाचं मोजमाप आयआयओत. सीमा काटेकोर नाही. आर्द्रतेचे काही सेन्सर एचडब्ल्यूमॉनमध्येही आहेत. गोदामाची हवा मोजायची असेल तर मी निःशंकपणे आयआयओ म्हणेन.

‘मिस्क’ तेव्हाच, जेव्हा कुठलीच उपप्रणाली लागू पडत नाही. ‘स्टेजिंग’ 2008 पासून आहे, पण ते अजून पुरता न सुधारलेल्या कोडसाठी. नवा, छोटा ड्रायव्हर थेट योग्य जागीच न्या.

ही मांडणी सगळीकडे एकसारखी नाही, हेही सांगतो. आवाजाचे ड्रायव्हर ‘ड्रायव्हर्स’च्या बाहेर, ‘साउंड’मध्ये राहतात. ‘ड्रायव्हर्स/नेट/इथरनेट’मध्ये तर आत कंपन्यांच्या नावांचे फोल्डर आहेत. त्यामुळे केवळ नियम पाठ करू नका, तुमच्यासारखाच सेन्सर कुठे बसलाय ते शोधा. आणि त्याआधी तुमच्या चिपचं नाव पूर्ण सोर्समध्ये ‘ग्रेप’ या शोधाच्या कमांडने शोधून बघा. बऱ्याचदा ड्रायव्हर आधीच असतो आणि त्यात एका ओळीची भर पुरते.

जागा ठरली की त्याच फोल्डरच्या केकॉन्फिग (निवडायच्या पर्यायांची फाइल) आणि मेकफाइलमध्ये (काय कंपाइल करायचं ते सांगणारी फाइल) नोंद करा. रजिस्टरचे पत्ते त्या ड्रायव्हरपुरतेच असतील तर ते सी फाइलमध्येच राहू द्या, ‘इन्क्लूड/लिनक्स’मध्ये हेडर टाकू नका. पॅच (बदलांची फाइल) तयार झाला की त्यावर, तो कोड कोण सांभाळतं ते सांगणारी ‘गेट मेंटेनर’ स्क्रिप्ट चालवा. आयआयओच्या देखभालकर्त्यांची नावं आली तर जागा बरोबर आहे.