पाय टेकला तिथं परत जा

पोरी,

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. हार्डटेल (मागं सस्पेन्शन नसलेली डोंगरातली सायकल) विकून पुढंमागं दोन्हीकडं असलेली फुल सस्पेन्शन घेऊ का, का रोडबाईक घेऊन ग्रुपमधल्या लोकांसारखी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरल्या वेळात पुरी करायची सायकल फेरी) करू, का सगळं सोडून गपगुमान गेट परीक्षेचा अभ्यास करू, असे तीन प्रश्न एका दमात विचारलेस आणि जो खरा होता तो विचारलाच नाहीस, की काका, त्या दगडाकडं परत जायची मला भीती वाटायली. तू तिथं पडलीस तो व्हिडिओ मीही बघितलाय. ज्यानं ग्रुपवर टाकला आणि खाली हसायचे इमोजी लावले त्याला जे बोलायचं ते मी बोललोय, तो विषय संपला.

आता ऐक. माझ्याकडं सांगण्यासारखं एकच आहे आणि ते तुला आवडणार नाही. जिथं पाय टेकला, म्हणजे सायकल अडली, तिथं परत जायचं. पुढच्या वर्षी नवीन सायकल घेऊन वगैरे जायचं नाही, कोपराची जखम वाळली की याच सायकलवर जायचं.

ती खुलताबादजवळच्या सुलीभंजनच्या माळावरनं खाली उतरणारी गुरांची वाट माझ्या पायाखालची आहे. वरती दत्ताचं देऊळ, नाथांनी तिथं तप केलं म्हणतात, लोक तिथनं नमस्कार करून गाडीत बसून वेरूळला जातात आणि त्यांना कळतही नाही की पन्नास पावलांवर जिल्ह्यातली सगळ्यात चांगली उतरण आहे. टणटणीचं जाळं डाव्या हाताला लागलं की वाट चिंचोळी होते, मग तो काळा दगड. गुडघ्याच्या खाली येईल एवढीच पायरी, काठ खुरांनी घासून गुळगुळीत झालेला, आणि पायरी संपली की लगेच सुटा मुरूम. सुटा मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेली ज्वारी, त्याच्यावर ब्रेक मारला की चाक आपलं राहत नाही. उजवीकडनं पायरी निम्मी होते पण त्या बाजूला एक टोकदार दगड वर आलाय. व्हिडिओ परत बघ, पडायच्या आधी तुझं तोंड कुठं आहे बघ. सरळ त्या टोकदार दगडाकडं. डोळे जातात तिकडं सायकल जाते, यात तुझ्या धाडसाचा काही संबंध नाही.

दुसरं, पुढचं चाक काठावर आलं आणि तू दोन्ही ब्रेक करकचून दाबलेस. चाक खाली उतरायच्या वेळेला अडवलं तर ते तिथंच थांबतं आणि आपण पुढं जातो, हँडलवरनं. वेग पायरीच्या आधी कमी करायचा असतो, चार-पाच हात आधी, चाक काठावर आलं की पुढचा ब्रेक सोडायचा, पेडल समांतर, टाचा खाली, छाती खाली, बूड मागं, आणि हात सरळ होऊ द्यायचे म्हणजे सायकल खाली उतरते आणि आपण वरच राहतो. खाली पोचल्यावर नजर पुढच्या वळणावर. आणि पुढच्या ब्रेकला कुणी घाबरवलं असेल तर ते डोक्यातनं काढ, उतारावर वजन पुढं येतं म्हणून खरा थांबवणारा ब्रेक तोच असतो, मागचा लॉक झाला की नुसतं घसरतं आणि वाटेला चर पडतो. एक बोट पुरतं. आणि सीट! सीट तू एवढ्या उंचावर ठेवून उतरलीस की बूड मागं नेणार तरी कुठं? चालत्या सायकलवर सीट खाली करणारा ड्रॉपर नाही तर नाही, हातानं सैल करायची क्विक रिलीजची कडी आहे ना, माळावर उतरून चार बोटं खाली कर, अर्धं मिनिट लागतं. ग्रुप पुढं जातो म्हणून तू थांबली नाहीस हे मला माहीत आहे. जाऊ दे की पुढं, ते काय तुझ्या लग्नाची वरात घेऊन चाललेत का.

हवा किती होती विचारलं तर म्हणालीस पंचेचाळीस, दुकानातल्या पोरानं भरली. अगं तुझं वजन किती, सव्वादोन इंची टायर, ट्यूबलेस, पुढं बावीस आणि मागं चोवीस पीएसआय भर आणि मग सांग. ट्यूब असती तर थोडी जास्त ठेवावी लागली असती, कारण दगडावर टायर दबला की ट्यूब रिमला चिमटून फुटते. पंचेचाळीसवर टायर दगडाला धरत नाही, दगडावरनं उडतो, आणि मग माणसं फुल सस्पेन्शन घ्यायला निघतात. लाख-दीड लाखाच्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी पंपात असतं.

तू म्हणशील काका नेहमीचंच सांगायलेत. हो, नेहमीचंच. डोंगरातल्या सायकलिंगचा हा खेळच मुळात तिथंच तिथं जाऊन जन्माला आला. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीत, माऊंट टॅमलपायसजवळच्या एका मातीच्या रस्त्यावर 1976 साली काही पोरांनी जुन्या श्विन सायकली घेऊन उतरायच्या शर्यती लावल्या, तीनेक किलोमीटरमध्ये चारशे मीटरचा उतार. पेडल उलटं दाबून लागणारे जुने कोस्टर ब्रेक, एका उतरणीत एवढे तापायचे की चाकाच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि घरी जाऊन परत ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या वाटेचं नावच रिपॅक पडलं. घड्याळ लावून तोच एक रस्ता, परत परत. त्या पोरांतल्या गॅरी फिशरची सगळ्यात वेगवान उतरण 4 मिनिटं 22 सेकंदांची. जुन्या फ्रेम त्या उतारावर टिकेनात म्हणून त्यांच्यातल्याच ज्यो ब्रीझनं 1977 साली खास डोंगरासाठी नवी फ्रेम बनवली. म्हणजे आधी वाट, मग सायकल. आणि तू आधी सायकल बघायलीस.

आपल्याकडं ट्रेल, म्हणजे डोंगरात सायकल चालवायच्या वाटा, नाहीत हे वाक्य मात्र माझ्यापुढं परत बोलू नकोस, डोकं फिरतं माझं. लाव्हाचे थर एकावर एक बसून हा सगळा डोंगर झालाय, कडक थर तसाच राहतो आणि मऊ थर झिजतो, म्हणून आपले डोंगर कसे, सपाट माळ मग एकदम पायरी, परत माळ परत पायरी. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर झाडी आहे, आपल्याकडं उघडी पायरी आहे, आणि हा खेळ शिकायला पायरीसारखी जागा नाही. तू अमेरिकेतल्या मोआबच्या स्लिकरॉक वाटेचे व्हिडिओ बघतेस, तिथला वाळूचा दगड रबराला चिकटून धरतो, म्हणून ती माणसं भिंतीसारख्या चढावर चढताना दिसतात. आपला काळा बेसाल्ट उन्हाळ्यात धरतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळ आलं की साबण होतो. तिकडच्या लोकांची लाईन (चाक न्यायची रेघ) बघून इकडं उतरलं तर तोंडावर पडणार. म्हैसमाळचा उतार, मांजरसुंब्याजवळ कपिलधारकडं उतरणाऱ्या वाटा, येडशीच्या रामलिंगाच्या आसपासचा बालाघाट, एवढं सगळं मी फिरलोय आणि प्रत्येक ठिकाणी दगडाचा स्वभाव वेगळा. (गौताळ्यात मात्र आणि येडशीलाही अभयारण्याच्या हद्दीत वाट सोडून घुसायचं नाही, आणि लेण्यांच्या डोंगरावर तर सायकल न्यायचीच नाही, यावर चर्चा नको.)

आता माझं सांगतो, म्हणजे मी एवढा हट्टाला का पेटतो ते कळेल. सातारा परिसराच्या मागच्या टेकडीवर एक वाट होती, खंडोबाच्या देवळाकडनं वर चढणारी. त्या वाटेत चढावर एक दुहेरी पायरी होती, पहिलीवर पुढचं चाक उचलायचं आणि तिथंच अर्धं पेडल मारून दुसरी घ्यायची. मला ती कधी आलीच नाही. पहिली व्हायची, दुसरीवर पाय टेकायचा, आणि मी उतरून सायकल हातात धरून वर जायचो, वरची उतरण लई भारी होती ना, तिच्या नादात. पुढच्या वेळी करू. पावसाळ्यानंतर करू. नवीन कॅसेट (मागच्या चाकाची गिअरची दातेरी चक्रं) बसवली की करू. एका हिवाळ्यात गेलो तर जेसीबी लागलेला, प्लॉटिंगचा बोर्ड, आणि पायरीच्या जागी सपाट मुरूम अंथरलेला, वरनं रोलर फिरवलेला. आता तिथं कंपाऊंड आहे. आता माझ्याकडं एक्कावन्न दातांची कॅसेट आहे, काय करू तिचं?

म्हणून म्हणतो परत जा. तुला वाटतं दगड आहे, कुठं जातो. आपल्याकडं दगडपण जातो, क्रशरला जातो.

ग्रुपमधले लोक माझ्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे. काका तिथंच तिथंच फिरतात, काका मनालीला आले नाहीत, काकांना उंची सोसत नाही. मनालीला मी गेलो नाही हे खरं आहे. दोनदा ठरलं, एकदा वडलांचं ऑपरेशन निघालं आणि एकदा सुट्टी नामंजूर झाली, आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. गेलो असतो तर आवडलं असतं, उगं कशाला खोटं बोलू, रोहतांगचा फोटो आला की अजूनही झूम करून बघतो. पण जे जाऊन आले ते काय घेऊन आले विचार. डांबरी रस्त्यावर किती किलोमीटर झाले ते सांगतील, खिंडीची उंची सांगतील, आणि इथं दौलताबादच्या घाटाशेजारच्या मुरमाच्या उतारावर उतरून सायकल ढकलतात. मी ढकलत नाही. वय विचार माझं आणि मग बोल. ब्रेव्हेवाल्यांबद्दल मला राग नाही, साडेतेरा तासात दोनशे किलोमीटर म्हणजे चेष्टा नाही, पण ते दमसासाचं काम आहे, तुझी अडचण दमाची नाहीच. तुला रस्ता आवडत असेल तर खुशाल रस्त्यावर जा, मी स्वतः तुझी सायकल फिट करून देईन. दगडापासून पळायचं म्हणून जाणार असशील तर रस्त्यावरही काहीतरी सापडेल ज्याच्यापासून पळावंसं वाटेल, मग काय स्विमिंग?

जाशील तेव्हा आधी चालत जा. सायकल माळावर आडवी ठेव, पायरीपाशी बस, हात लावून बघ काठ कुठं गोल आहे. याला कमीपणा समजू नकोस. टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी, 2021 मध्ये, व्हॅन डर पूलसारखा नावाजलेला डच सायकलपटू एका ड्रॉपवरनं उलटा पडला, कारण सरावाच्या वेळी तिथं उतरायला फळी होती, शर्यतीच्या दिवशी नव्हती, आणि त्याला वाटलं फळी असेलच. त्याच्यासारख्याचं असं होतं तर तू आणि मी कोण. आपल्याकडं तर फळी लागत नाही, रात्रीतून कुणाच्या म्हशी जातात आणि दगड जागचा हलतो. मागच्या रविवारची वाट या रविवारची नसते, म्हणून दर वेळी बघायचं.

सध्या गवत वाढलंय, कुसळं मोज्यात जातील, त्याचं काही नाही, पण गवताखाली दगड दिसत नाही ते लक्षात ठेव. वाटेत काळ्या रानाचा तुकडा लागतो, पाऊस पडून दोन दिवस झाल्याशिवाय तिकडनं जायचं नाही, नाहीतर ती माती चाकाला धरते, फ्रेममध्ये अडकते आणि सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं. टायरमधलं भोक बुजवणारं सीलंट बघ, आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यात वाळतं, व्हॉल्व्ह काढून सुई घालून बघ ओलं आहे का. वेड्या बाभळीचा काटा आणि सराटे काही मोजत बसत नाहीत. एकटी जाऊ नकोस हे मी सांगणार नाही, ते तुझ्या आईनं सांगितलेलं आहे आणि मला फोन करूनही सांगितलंय.

रविवारी साडेपाचला मी मिटमिट्याच्या चौकात थांबतो. ग्रुपला कळवू नकोस. मी खाली उभा राहीन, मोबाईल खिशात, व्हिडिओ काढणार नाही. पहिल्यांदा पाय टेकशील, टेक. सायकल उचलायची, वर न्यायची, परत. दुसऱ्यांदा टेकशील तरी तेच. उन्हं वर आली की घरी. नाही जमली तर पुढच्या रविवारी, मला काही दुसरं काम नसतं, आमच्या घरच्यांचं म्हणणं तर तेच आहे.

आणि ब्रेकची लिव्हर तुझ्या बोटांना लांब पडते, म्हणून तू पूर्ण पंजानं दाबतेस. लिव्हरला बारका स्क्रू असतो, दोन एमएमची ॲलन की लागते, तो फिरवून लिव्हर हँडलजवळ घे, आजच घे. की नसेल तर माझ्याकडनं घेऊन जा, पण परत आणून दे, मागच्या वेळची अजून आलेली नाही.

तुझा
काका