यादीत नाव घालण्याआधी: वाचक, वेदीसेवक आणि बाकीच्या सेवांबद्दल विचारलेले प्रश्न

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, जवळ आला की चर्चमध्ये जाहीर होतं, मिस्सेत (चर्चच्या मुख्य उपासनेत) बायबल वाचायला वाचक पाहिजेत, वेदीवर फादरांना मदत करायला वेदीसेवक पाहिजेत, क्वायरला गाणारी माणसं पाहिजेत, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा फोन थांबत नाही. वसईच्या पट्ट्यात बावीस वर्षं वाचकांना शिकवतेय, त्याच्या आधी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे लोकांना वाटतं हिला सगळं माहीत असणार. सगळं नाही माहीत. पण तेच तेच प्रश्न येतात म्हणून या वेळी एकदाच लिहून टाकते.

प्र. व्हॉट्सअपवर जाहिरात आली, 'लिटर्जिकल रीडर' ऑनलाइन सर्टिफिकेट, दोन तासांत. केलं तर चर्चमध्ये घेतील का?

नाही घेणार. पैसे भरू नका. वाचक तुमच्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) फादर ठरवतात आणि ट्रेनिंगही धर्मग्राम नाहीतर धर्मप्रांत (बिशपांच्या हाताखालचा विभाग) देतो, आमच्याकडे तरी त्याला चहाबिस्किटांपलीकडे खर्च येत नाही. असं रंगीत सर्टिफिकेट घेऊन एक मुलगा माझ्याकडे आला होता, त्याला यशयाचं पुस्तक जुन्या करारात की नव्या हे माहीत नव्हतं.

प्र. २०२१ मध्ये पोपनी बायकांना वाचनाची परवानगी दिली म्हणतात. मग त्याआधी आम्ही इतकी वर्षं वाचलं ते चुकीचं होतं का?

अजिबात नाही, आणि हा फॉरवर्ड मला निदान पन्नास जणांनी पाठवलाय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे बिशप विधी करून कायमचे नेमतात तो वाचक आणि अकोलाइट (वेदीवरचा नेमलेला मदतनीस). १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी या दोन सेवा नव्याने ठरवल्या तेव्हा त्या फक्त पुरुषांना होत्या, आणि १० जानेवारी २०२१ ला पोप फ्रान्सिस यांनी त्या बायकांनाही खुल्या केल्या. दुसरं म्हणजे तुम्ही आम्ही रविवारी यादीत नाव लागल्यावर वाचतो ते, ते बायका २०२१ च्या कितीतरी आधीपासून करतायत आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. तुम्हाला विधिपूर्वक नेमणूक हवी असेल तर ती बिशपांच्या हातात आहे, फादरांशी बोला.

प्र. शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग) मी वाचू शकते का? आवाज चांगला आहे.

नाही. ते डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) किंवा धर्मगुरूच वाचतात.

प्र. मुलगी नऊ वर्षांची आहे, फर्स्ट कम्युनियन झालंय, वेदीसेवक व्हायचं म्हणते. सासूबाई म्हणतात वेदीवर मुली चालत नाहीत.

चालतात, १९९४ पासून रोमने मोकळीक दिलीय, पण निर्णय त्या त्या बिशपांचा आणि प्रत्यक्षात फादरांचा असतो, म्हणून आधी ऑफिसात विचारा. सासूबाईंशी भांडू नका, त्यांच्या लहानपणी खरंच नव्हत्या.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. मुलीला सोडायच्या आधी विचारा की वेदीसेवकांबरोबर सॅक्रिस्टीत (चर्चमधल्या तयारीच्या खोलीत) कोण असतं, प्रॅक्टिस कुठे होते, पिकनिकला किती मोठी माणसं जातात. कुठलाही मोठा माणूस, कितीही भला असो, एका मुलाबरोबर दार लावून एकटा नको, निदान दोघं हवेत. आणि मूल कधी काही बोललं तर 'बघू, सणानंतर विचारू' असं करत बसू नका, लगेच बोला, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यात कळलेली गोष्ट पोलिसांना सांगायचं बंधन आपल्यावरही आहे, फक्त आईबापांवर नाही.

प्र. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, मिस्सेत एकच वाचन आम्हा चार बहिणींमध्ये वाटून घेतलं तर?

केक वाटतात, वाचन नाही. एक वाचन एकाच माणसाने वाचायचं असा नियम आहे, अपवाद फक्त प्रभूच्या दुःखसहनाच्या वृत्तान्ताचा, म्हणजे झावळ्यांचा रविवार आणि गुड फ्रायडे. एकीने पहिलं वाचन घ्या, एकीने स्तोत्र, एकीने विश्वासूंच्या प्रार्थना, चौथीने अर्पणं घेऊन जा. स्तोत्राच्या जागी आईचं आवडतं भक्तिगीत मात्र नको, तेही चालत नाही.

प्र. मी वाचक आहे, रविवारी सकाळी मोबाईलवर वाचन एकदा बघून घेते, तेवढं पुरतं ना? देवनागरी वाचायला जड जातं म्हणून कधी कधी इंग्रजी अक्षरांत लिहूनही नेते.

बाई, बरं झालं विचारलंत.

नाही पुरत. 'एकदा बघून घेते' हेच मी बावीस वर्षं ऐकतेय आणि त्याचा परिणाम दर रविवारी बाकावर बसून भोगतेय. चर्चचा नियमच सांगतो की वाचायला उभा राहणारा माणूस त्या कामाला लायक हवा आणि नीट तयारी केलेला हवा, म्हणजे तयारी ही हौस नाही, अट आहे. समोर बसलेल्या म्हातारीला ऐकू कमी येतं, तिच्या हातात मोबाईल नाही, तिला त्या आठवड्यात देवाचा शब्द मिळणार तो फक्त तुमच्या तोंडून.

आधी हे बघा की आपण बरोबर वाचन तयार करतोय का. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे, अ, ब, क. सालाला ३ ने भाग गेला की क वर्ष, म्हणजे २०२५ क होतं, २०२६ अ, २०२७ ब, पण वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं आणि तिथेच सगळे फसतात. एका धर्मग्रामात वाचकाने कुणीतरी ग्रुपवर टाकलेली पीडीएफ घोटून आणली, वाचनपीठावर पुस्तक उघडलं तर भलतंच वाचन, तो आधी थांबला, मग पाठ केलेलं बोलू लागला, मग पुन्हा पुस्तकाकडे. त्याचा घाम मला पाचव्या रांगेतून दिसत होता. म्हणून यादी सॅक्रिस्टीतून घ्या, ग्रुपवरून नाही.

सोमवारी वाचन काढा. त्याच्या आधीचं आणि नंतरचं थोडं बायबलमधून वाचा, कोण बोलतंय, कुणाला, रागाने की मायेने. बुधवारपर्यंत मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नाही, जीभ कुठे अडते ते मनात कळत नाही. पेंटेकॉस्टच्या सणाचं वाचन ज्याच्या वाट्याला येतं त्याला मी आठवडाभर आधी फोन करते, कारण पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया ही रांग पहिल्यांदाच समोर आली तर माणूस तिथेच पडतो.

मग विराम. मराठीत 'नाही, तर' आणि 'नाहीतर' यांच्यात एका श्वासाचा फरक आहे आणि ज्याची पत्रं बायबलात आहेत त्या संत पौलाला तर ही रचना फार आवडते. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो की आम्ही स्वतःचा प्रचार करत नाही, तर ख्रिस्त येशू प्रभू आहे असं सांगतो. आता हेच 'स्वतःचा प्रचार करत नाही तर' असं एका दमात म्हणून मग थांबून बघा, असं वाटतं की स्वतःचा प्रचार झाला नाही तर पौल काहीतरी धमकी देणार आहे! मी हे चर्चमध्ये ऐकलंय.

आणि रोमन अक्षरांत लिहून आणायचं कृपा करून बंद करा. इंग्रजी मीडियमच्या मुलांना देवनागरी जड जाते हे मला कळतं, आपल्या घरात कादोडी नाहीतर वाडवळी बोली, शाळेत इंग्रजी, पुस्तकी मराठी फक्त चर्चमध्ये. त्यात लाज कसली. पण रोमनमध्ये ळ चा ल होतो, ण चा न होतो, आणि 'बाळ' वाचायच्या जागी तुम्ही 'बाल' वाचता. रोज दहा मिनिटं देवनागरी मोठ्याने वाचा, बातमी वाचा, दुकानाच्या पाट्या वाचा, दोन महिन्यांत फरक पडतो, माझ्याकडे पडलाय.

लाल अक्षरांतल्या सूचना वाचायच्या नसतात. मोबाईल वाचनपीठावर न्यायचा नाही, पुस्तकातूनच वाचायचं, मध्येच रिचार्जचा मेसेज आला तर काय करणार आहात? माईक तोंडापासून वीतभर. आणि जे मिस्सेच्या आधी निवेदन करतात त्यांच्यासाठी, तुम्ही वाचनपीठावर उभं राहायचं नाही, ती जागा देवशब्दाची, आणि चार वाक्यांत आटपा, हे गणपती मंडळाचं सूत्रसंचालन नाही.

एवढं करूनही हात कापत असतील तर फादरांना सांगून एखाद्या आठवड्याच्या दिवशी, कमी माणसांच्या मिस्सेला सुरुवात करा.

प्र. आई ८२ वर्षांची, बिछान्यावर आहे. रविवारी मीच डबीत ख्रिस्तशरीर (कम्युनियनची पवित्र भाकर) आणून दिलं तर चालेल?

तुम्हाला नेमलेलं नसेल तर नाही. १९७३ पासून प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या तुमच्याआमच्यासारख्यांना, ही सेवा देता येते, पण ती 'असाधारण' सेवा आहे आणि असाधारण म्हणजे व्हीआयपी नव्हे, तर गरजेपुरती. काही जण नेमणूक झाली की कार्ड छापायचेच बाकी राहतात. फादरांना आईची अवस्था सांगा, बऱ्याच ठिकाणी पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी जाऊन देतात, नाहीतर तुमच्याच नावाची परवानगी निघू शकते.

परवानगी मिळाली तर चर्चमधून सरळ घर. मध्ये भाजी नाही, पेट्रोल नाही, गप्पा नाहीत. आई झोपली असेल तर फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, हो, असं झालंय, परत चर्चमध्ये न्यायचं. गिळायला त्रास होत असेल तर अगदी बारीक तुकडा आणि पाणी, पण गिळण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. आणि चर्चमधली पात्रं धुवायचं काम तुमचं नाही, ते धर्मगुरू, डीकन किंवा नेमलेला अकोलाइट करतो.

प्र. आमचं कोर्ट मॅरेज झालंय, चर्चमध्ये नाही. अकरा वर्षं झाली. क्वायरमध्ये गायला कुणी हरकत घेईल का या भीतीने जात नाही.

अकरा वर्षं तुम्ही हा प्रश्न शेजारणींना विचारलात आणि फादरांना एकदाही नाही. याचं उत्तर मी देणार नाही, कारण दोघांचा बाप्तिस्मा, आधीचं लग्न, बरंच काही बघावं लागतं, आणि पुष्कळदा वाटतं त्यापेक्षा सोपं निघतं. या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, दोघं जा, कागद घेऊन जा.

प्र. डेकोरेटरने प्रायश्चित्तकाळासाठी (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांसाठी) 'जांभळी थीम' दिलीय, आर्टिफिशियल लिली, चाळीस दिवसांचं भाडं एकदम. सजावट कमिटीत मी नवीन आहे.

त्याला सांगा की प्रायश्चित्तकाळात वेदीवर फुलंच नसतात. चौथा रविवार आणि मधले मोठे सण, जसा १९ मार्चचा संत जोसेफचा, एवढेच अपवाद. म्हणजे तो तुम्हाला जे विकतोय ते लावायचंच नाही. वाद्यंही त्या दिवसांत फक्त गाण्याला साथ म्हणून.

एरवीही फुलं वेदीच्या भोवती, वेदीवर ढीग नाही. आणि आपण वसईची माणसं, आपला सोनचाफा आणि मोगरा दादरच्या बाजारात जातो, आणि आपल्याच चर्चमध्ये प्लास्टिकची लिली भाड्याने? अॅडव्हान्स दिला असेल तर खजिनदारांना आजच सांगा.

प्र. माझे मिस्टर हिंदू आहेत, दर रविवारी माझ्याबरोबर येतात, त्यांना वाचन करायची इच्छा आहे.

मिस्सेतलं वाचन त्यांना करता येणार नाही. पण त्यांची इच्छा फादरांच्या कानावर घाला, सणाला गर्दी सांभाळायला, आजाऱ्यांना मिस्सेला आणायला, माईक बघायला माणसं कधीच पुरत नाहीत. आमच्याकडचा साउंड बघणारा ख्रिस्ती नाही आणि त्याच्याइतका वेळेवर कुणी येत नाही.

प्र. वेदीवर जाताना चपला काढायच्या का?

आमच्याकडे काढतात. तुमच्याकडे काय पद्धत आहे ते फादरांना विचारा.