वाचकांचे प्रश्न : ‘तुम्हाला क्रिकेटमधले काय कळते?’

प्रश्न : मी बेचाळीस वर्षांची असून बँकेत नोकरी करते. वडिलांबरोबर रेडिओवरचे समालोचन ऐकत वहीत धावफलक लिहायची मला लहानपणापासून सवय होती आणि क्रिकेटचे वेड तेव्हापासूनचे आहे. सध्या मी क्रिकेटप्रेमींच्या एका मोठ्या फेसबुक ग्रुपमध्ये आहे. आयपीएलच्या एका सामन्यानंतर मी लिहिले की, वानखेडेवर रात्री दव पडते आणि ओला चेंडू फिरकी गोलंदाजाच्या हातात नीट बसत नाही, हे ठाऊक असताना कर्णधाराने फिरकी गोलंदाजाची दोन षटके शेवटासाठी राखून ठेवायला नको होती. पहिलाच प्रतिसाद आला, ‘ताई, दव नंतर बघा, आधी तव्यावरची पोळी बघा.’ दुसऱ्या गृहस्थांनी गूगल न करता एलबीडब्ल्यूचा (पायचीतचा) नियम सांगून दाखवा, मग बोलू, असे बजावले. तिसऱ्याने माझा फोटो उघडून त्यावर शेरा मारला. थोड्या वेळाने एका पुरुष सभासदाने जवळजवळ माझाच मुद्दा लिहिला, तेव्हा त्याला ‘अचूक विश्लेषण’ म्हणून दाद मिळाली. मी मध्यरात्रीपर्यंत एकेकाला उत्तरे देत बसले. पती म्हणतात, सोडून दे. मुलगी विचारते, तूच का सोडायचे? अशा लोकांशी वाद घालण्यात काही अर्थ असतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अर्थ असतो, पण तो मध्यरात्रीपर्यंत पुरत नाही. पोळीचा शेरा मारणाऱ्या गृहस्थांचे मत तुमच्या उत्तराने बदलेल, ही आशा आधी सोडून द्यावी, कारण त्यांनी दवाविषयी काही मत मांडलेलेच नाही. मात्र तोच धागा न बोलता वाचणारे शेकडो लोक असतात, त्यांत तुमच्यासारख्या बायका आणि तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलीही असतात, आणि इथे आपण लिहावे की नाही हे त्या अशाच प्रसंगांवरून ठरवत असतात. उत्तर त्यांच्यासाठी द्यायचे असते आणि त्यांना एकच पुरेसे होते. ‘पोळी झाली. आता दवाबद्दल तुमचे म्हणणे सांगा,’ एवढे लिहून थांबला असता, तर समोरच्याकडे मुद्दा नाही हे वाचणाऱ्यांना आपोआप दिसले असते. पुढच्या प्रत्येक उत्तराने वाद मुद्द्यावरून गुद्द्यावर येतो आणि तुमचे मूळ विश्लेषण शंभर प्रतिसादांखाली गाडले जाते. शिवाय फेसबुकसारख्या माध्यमांवर ज्या पोस्टवर जास्त झटापट, ती जास्त लोकांना दिसते. म्हणजे शेरेबाजाला हवा असलेला प्रेक्षकवर्ग आपणच मिळवून देतो.

एलबीडब्ल्यूची परीक्षा मात्र मुळीच देऊ नका. नियम तुम्हाला येतो, यात मला शंका नाही. पण तो सांगितला की डकवर्थ-लुईसचा, म्हणजे पावसाने षटके कमी झाल्यावर लक्ष्य ठरवण्याच्या पद्धतीचा, प्रश्न येईल, त्यानंतर १९८३ च्या अंतिम सामन्याचा धावफलक विचारला जाईल, आणि कुठेतरी एक धाव चुकली की ‘बघा, म्हटले नव्हते?’ असे म्हणायला मंडळी टपलेलीच असतात. तोच मुद्दा लिहिणाऱ्या पुरुष सभासदाला कोणी पेपर दिला नव्हता. २०१७ च्या महिला विश्वचषकाच्या तोंडावर एका पत्रकाराने भारताची कर्णधार मिताली राज हिला तिचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण, असे विचारले, तेव्हा तिने उलट विचारले की, पुरुष क्रिकेटपटूंना तुम्ही त्यांची आवडती महिला खेळाडू कोण, असे विचारता का? तिने नावांची यादी दिली असती तर दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या लक्षात राहिली नसती. तुम्हालाही असेच विचारता येईल : ही परीक्षा ग्रुपमधल्या सगळ्यांनाच आहे का?

जिथे समोरचा खरोखर काही बोलतो, तिथे मात्र भरपूर वाद घालावा आणि तो हातचे काही न राखता घालावा. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक सचिन तेंडुलकरचे, हे वाक्य अशा ग्रुपमध्ये हमखास दिसते. सचिनने २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या, तो पुरुषांच्या क्रिकेटमधला पहिला मान होय. त्याआधी १२ वर्षे, १६ डिसेंबर १९९७ रोजी, महिलांच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या, आणि त्याही मुंबईत, वांद्रे पूर्वेच्या एमआयजी मैदानावर. सचिनचे बालपण त्याच वांद्रे पूर्वेत गेले, ही गंमत मला फार आवडते. यावर कोणी म्हणेल की डेन्मार्कचा संघ दुबळा होता. हा आक्षेप रास्त आहे, त्याला स्त्रीद्वेष म्हणू नका आणि त्यावर खुशाल बोला. दुबळ्या संघांविरुद्ध पुरुषांनी केलेले विक्रमही मग त्याच मापाने मोजावे लागतील. ‘बायकांचे क्रिकेट धरायचेच नाही,’ असे म्हणणारा मात्र क्रिकेटविषयी बोलत नाही, आणि त्याची तेवढीच दखल घ्यावी. हा भेद करता आला की निम्मी चिडचिड कमी होते, असा माझा अनुभव आहे. कारण आपल्याला विरोध करणारा प्रत्येक जण आपण बाई आहोत म्हणून विरोध करत नसतो.

‘बायका हल्ली कुठे क्रिकेट बघायला लागल्या,’ हाही एक आवडता शेरा. महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी. त्याच १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश अशा तीन संघांत खेळली गेली. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताची कर्णधार डायना एडुलजी हिला लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये प्रवेश नाकारण्यात आला, आणि तिथल्या क्लबाने महिलांना सभासदत्व द्यायला १९९८ साल उजाडले. उशीर कोणाकडून झाला, हे यावरून दिसते.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत अधिक खटकलेली गोष्ट शेरे ही नाही. एवढ्या मोठ्या ग्रुपमध्ये एकाही सभासदाने ‘हे काय लिहिता?’ असे विचारले नाही, याचे मला जास्त वाईट वाटले. मार्च २०१५ मध्ये सिडनीला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात विराट कोहली एका धावेवर बाद झाला, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या अनुष्का शर्माला लोकांनी पराभवाला जबाबदार धरले आणि तो प्रकार पुढे वर्षभर चालूच राहिला. २०१६ च्या मार्चमध्ये कोहलीने स्वतः जाहीरपणे त्या लोकांना शरम वाटायला हवी, असे सुनावले. पुरुषाच्या शब्दाला अधिक वजन मिळावे, हे काही न्यायाचे नाही. पण आज ते मिळते, तर वापरायला हरकत नसावी. अशा वादांनंतर इनबॉक्समध्ये ‘तुमचे बरोबर होते’ असे कळवणारे एकदोन भले लोक असतातच. तुमच्याकडेही असे निरोप आले असतील, तर त्यांना नम्रपणे सांगा की हेच तिकडे, सर्वांसमोर लिहा.

त्यानंतर ग्रुपच्या ॲडमिनकडे जा. नुसते ‘ग्रुपमधले वातावरण बिघडले आहे’ असे मोघम लिहू नका. फोटोवरचा नेमका शेरा दाखवून तो काढावा आणि वैयक्तिक शेऱ्यांना ग्रुपच्या नियमांत बंदी घालावी, अशी मागणी करा. कायद्याने ॲडमिनवर सक्ती मात्र करता येत नाही. गोंदिया जिल्ह्यातील एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सभासदाने महिला सभासदाबद्दल अश्लाघ्य भाषा वापरली आणि ॲडमिनने काही केले नाही, अशा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निर्णय दिला की, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज सभासदाच्या लिखाणासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. तेव्हा ॲडमिनची नियत हीच कसोटी. त्याने टोलवाटोलवी केली, तर तो ग्रुप सोडण्यात काही पळपुटेपणा नाही. ज्यांच्याशी दवावर बोलता येते अशा पाचपंचवीस जणांचा वेगळा ग्रुप करावा. पुरुषाचे नाव घेऊन लिहिणाऱ्या काही जणी मला माहीत आहेत. त्यांना मी दोष देत नाही, पण तो सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

शेरेबाजी संपून धमकी, अश्लील संदेश, पाठलाग किंवा फोटोत फेरफार सुरू झाला, तर वाद तिथेच थांबवावा, एक अक्षरही उत्तर देऊ नये. तारीख, वेळ आणि खात्याचा दुवा दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत आणि ते संदेश रागाच्या भरात पुसू नयेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली इंटरनेटवरचा पाठलागही येतो आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९ आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते.

आता तुमच्या पतींचे खरे की मुलीचे? तुम्ही दवाविषयी लिहिणे सोडू नये, इथे मुलगी बरोबर आहे. आणि रात्री फोन बाजूला ठेवावा, इथे पती.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा मित्रांच्या ग्रुपवर महिला क्रिकेटची टिंगल करणारे मीम टाकतो. ‘एवढीशी बाउंड्री, त्यात काय मोठेसे,’ हा त्याचा मुख्य मुद्दा. रागावलो, तर म्हणतो, सगळेच टाकतात. त्याला कसे समजवावे?
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर : रागावू नका आणि ‘तुझ्या बहिणीला कोणी असे म्हटले तर?’ हा नेहमीचा प्रश्नही विचारू नका. कोणाची तरी बहीण आहे म्हणून मान द्यायचा, हे शिकवले तर नुसत्या चांगल्या खेळाडूला मान द्यायला तो शिकणार नाही. त्याचा मुद्दा क्रिकेटचा आहे, तेव्हा क्रिकेटनेच उत्तर द्या. महिलांची सीमारेषा ६० ते ७० यार्डांवर असते, पुरुषांची ६५ ते ९० यार्डांवर, हे खरे आहे. महिलांचा चेंडूही हलका, १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, हेही त्याला सांगा. लपवण्यासारखे त्यात काही नाही. मग ३० ऑक्टोबर २०२५ चा, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावरचा महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना त्याच्याबरोबर बसून पाहा. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना भारताच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या. त्यांत १४ चौकार होते, षटकार एकही नव्हता. उरलेल्या ७१ धावा तिने पळून काढल्या, आणि खेळपट्टी दोघांसाठी २२ यार्डांचीच असते.