सरावात जमणारी लांब उडी स्पर्धेत फाऊल का होते?

आपण लिहिता की सरावात लांब उडी नीट जमते, स्पर्धेत मात्र तिन्ही प्रयत्न फाऊल जातात, म्हणजे पाय बोर्डापुढे पडून उडी बाद होते, आणि मित्र ‘जोश कमी पडतो’ म्हणतात. नागपूरला मानकापूरच्या क्रीडा संकुलात बरीच वर्षे मुलामुलींना उडी शिकवताना मी जे पाहिले, त्यावरून मला हे निदान मुळीच पटत नाही.

डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे मैदानावर आणते ती प्रेरणा, आणि नाव पुकारल्यावर छाती धडधडते, तळहात घामेजतात, ती उत्तेजना. आपल्याकडे प्रेरणा भरपूर आहे. उत्तेजना गरजेबाहेर चढते आहे. अंगात आवेग भरला की पाऊल नकळत लांबते, आणि एका पावलामागे 5 सेंटिमीटर वाढले तरी 16 पावलांच्या रन-अपमध्ये, म्हणजे उडीआधीच्या धावेत, ते 80 सेंटिमीटर होतात, तर टेक-ऑफचा बोर्ड, म्हणजे जिच्यावरून उडी घ्यायची ती फळी, रुंदीला अवघा 20 सेंटिमीटर असतो. अशा वेळी आणखी जोश चढवणे म्हणजे पाय बोर्डापुढे ढकलणेच होय.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ येर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, दोन पेट्यांच्या उजळपणातला सोपा फरक ओळखायला विजेचा तीव्र झटका चालला, अवघड फरक शिकायला मात्र मध्यम झटकाच उपयोगी पडला. उंदरांवरून खेळाडूंविषयी नियम बांधू नये हे खरे, पण मैदानावरही असेच काहीसे दिसते: वजन उचलणाऱ्याला आवेग मानवतो, नेमबाजाचा हात किंचित कापला तरी नेम चुकतो. लांब उडीला वेगही हवा आणि अचूकताही, म्हणून ती या दोहोंच्या मध्ये येते. शिवाय रशियन मानसशास्त्रज्ञ युरी हानिन यांच्या मते प्रत्येकाची उत्तेजनेची अनुकूल पातळी वेगळी असते. ती उसनी घेता येत नाही, शोधावी लागते.

एका जिल्हास्तरीय स्पर्धेत माझ्या एका विद्यार्थिनीच्या पहिल्या दोन उड्यांना फाऊलचा लाल झेंडा पडला. मी तिला कडुनिंबाच्या सावलीत बसवले, सहा वेळा हळूहळू श्वास सोडायला लावला आणि रन-अप जिथून सुरू करायचा ती खूण पाऊणएक हात मागे घ्यायला सांगितली. तिसऱ्या उडीला वैध उडीचा पांढरा झेंडा वर गेला.

आपण आजपासून प्रत्येक उडीनंतर, सरावात आणि स्पर्धेतही, उत्तेजनेला 0 ते 10 गुण द्या आणि शेजारी पाय बोर्डावर कुठे पडला ते लिहा. महिनाभरात आपली पातळी दिसू लागेल. सरावातही कुणाला झेंडा घेऊन उभे करा, नाव मोठ्याने पुकारायला सांगा, आणि स्पर्धेच्या दिवशी खूण ठरवण्यापूर्वी किमान दोनदा पूर्ण वेगाने धावून पाहा.