पुण्यात कारसाठी भरवशाचा मेकॅनिक कसा शोधायचा?

रिव्ह्यू वाचण्यापेक्षा टूरिस्ट गाडी चालवणाऱ्या एखाद्याला विचारा. गाडी गॅरेजात अडकली की त्याचा धंदा बुडतो, त्यामुळे तो फालतू नाव सांगणार नाही.

नव्या माणसाला पहिल्याच फटक्यात क्लचचं काम देऊ नका. आधी ऑइल-फिल्टर बदलून घ्या आणि तो बोलतो कसा ते बघा. ब्रेक वाजतोय म्हटल्यावर चांगला मेकॅनिक चाक काढून पॅड किती उरलंय ते दाखवतो. 'डिस्कपण गेलीय' (पॅड जिच्यावर दाबले जातात ती चकती) म्हणाला तर तिची जाडी मोजायला लावा. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. जुने पार्ट परत हवेत हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगायचं, नंतर 'भंगारात गेले' हे उत्तर ठरलेलं.

किमतीची शंका आली तर नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत भाव विचारून या. (कार मात्र घरी ठेवा, तिथे पार्किंग मिळणं हा वेगळाच प्रकल्प आहे.)

मजुरी आणि पार्ट वेगळे लिहून न देणाऱ्याकडे मी तरी जात नाही. आणि दर सर्व्हिसिंगला इंजिन फ्लश (केमिकल घालून इंजिन आतून साफ करणं) गळ्यात मारत असेल, तर मॅन्युअलमध्ये ते कुठे लिहिलंय एवढंच विचारा.